टर्बोयुक्त मोटारगाडीतील इंधनदाब : दोष व निदान

टर्बोयुक्त पेट्रोल एंजिनास टाकीतील पंपापासून इंजेक्टरपर्यंत पेट्रोल ज्या दाबाखाली पुरविले जाते, त्यास इंधनदाब म्हणतात. एंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंवर टर्बोचे चक्र फिरते व ते आत जाणारी हवा दाबून भरते [→ अंतर्ज्वलन-एंजिन]. हवा वाढली की त्याच प्रमाणात इंधनही वाढावे लागते. ते कमी पडल्यास मिश्रण विरळ होते, ज्वलनाचे तापमान वाढते, एंजिनात ठोके पडू लागतात आणि पूर्ण भाराखाली काही सेकंदांतच दट्ट्याचा माथा वितळू शकतो. म्हणून या दोषाचे निदान वेळीच होणे आवश्यक असते.

कार्यतत्त्व : इंजेक्टरमधून जाणारे पेट्रोल तो उघडा राहण्याच्या कालावधीवर आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरकावर अवलंबून असते. प्रवाह या फरकाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात बदलतो. इंधननळीत ३ बार (१ बार = सु. १.०२ किग्रॅ./चौ. सेंमी.) दाब असून टर्बोने हवेच्या नळीत १ बार जादा दाब निर्माण केला, तर फरक २ बार उरतो व प्रवाह सु. १८ टक्क्यांनी घटतो. हे टाळण्यासाठी अनेक गाड्यांतील रेग्युलेटर रबरी नळीने हवेच्या नळीशी जोडलेला असतो. तो हा फरक ३ बारवर स्थिर राखतो. परिणामी मंद गतीत दाबमापक सु. २.४ बार, तर १ बार भरणदाबाखाली ४ बार दाखवितो आणि हे दोन्ही आकडे निर्दोष असतात. काही गाड्यांत मात्र रेग्युलेटर टाकीतच असून दाब कायम राहतो व संगणक इंजेक्टर उघडा राहण्याचा कालावधी वाढवून भरपाई करतो. यास्तव तपासणीपूर्वी गाडीची रचना निर्मात्याच्या पुस्तिकेतून पाहून घ्यावी.

निदान : हा दोष शहरात सहसा लपून राहतो. पुण्याच्या कसबा पेठेतील अरुंद गल्ल्यांतून गाडी हळू चालत असता भरणदाब जवळजवळ निर्माणच होत नाही आणि अशक्त पंपही तेवढी गरज भागवितो. तीच गाडी कात्रजचा घाट चढू लागली म्हणजे धक्के खाते. त्यामुळे केवळ उभ्या गाडीवरील मापनावरून निष्कर्ष काढू नये.

प्रथम एंजिन बंद ठेवून पंप चालवावा व दाब पाहावा. नंतर मंद गतीत रेग्युलेटरची रबरी नळी काढावी. दाब अर्ध्या बारहून थोडा अधिक वाढला, तर रेग्युलेटर कार्यक्षम आहे. नळीत पेट्रोल आढळल्यास आतील पडदा फाटलेला असतो. हीच नळी चिरली वा निसटली, तर भरणदाबाची सूचना रेग्युलेटरला मिळत नाही व वर सांगितलेली घट होते.

यानंतर भाराखाली मापन करावे. कार्यशाळेतील रुळांवर चाके फिरवून भार देणे सर्वांत सुरक्षित होय. रस्त्यावर मापन करावयाचे झाल्यास आकडे सोबत्याने वाचावेत, चालकाने नव्हे. भरणदाबाबरोबर इंधनदाब तितकाच वाढला नाही, तर तुंबलेली गाळणी, झिजलेला पंप किंवा अपुरा विद्युत् दाब ही कारणे संभवतात. पंपाच्या अग्रांवरील विद्युत् दाब बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून अधिक कमी असेल, तर पंप बदलण्यापूर्वी तारा व जोड तपासावेत. सु. १५० किवॉ. शक्तीच्या एंजिनास पूर्ण भाराखाली ताशी ६५ ते ७० लि. पेट्रोल लागते. म्हणून कार्यदाबास पंपाचा पुरवठा मिनिटास सव्वा लिटरहून कमी भरल्यास तो अपुरा समजावा. एंजिन बंद केल्यावर दाब झपाट्याने उतरल्यास पंपाची एकदिश झडप, रेग्युलेटर अथवा गळका इंजेक्टर यांवर संशय घ्यावा.

सरळ अंतःक्षेपण : चाकण येथे तयार झालेल्या फोक्सवागन पोलो जीटी टीएसआय (२०१३) या गाडीच्या १.२ लि. एंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरात फवारले जाते. अशा रचनेत टाकीतील पंपाखेरीज एंजिनावर चालणारा उच्चदाब पंप असतो व दाब शेकडो बारपर्यंतही जाऊ शकतो. तो संवेदकामार्फत संगणकयंत्रावरच वाचावा, नळी सैल करू नये. उच्च दाब घसरल्यास आधी टाकीकडील बाजू तपासावी, कारण तेथील तुटवडाच पुढे प्रकट होतो.

दक्षता व उपाय : नळी उघडण्यापूर्वी पंपाचा फ्यूज काढून एंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. ठिणगी व ज्योत दूर ठेवावी आणि अग्निशामक जवळ असावा. २० टक्के एथेनॉलयुक्त पेट्रोल वापरल्यास तेवढ्याच हवेस सु. ७ टक्के अधिक इंधन लागते. शक्ती वाढविलेल्या जुन्या गाड्यांत पंपाची राखीव क्षमता त्यामुळे आणखी कमी होते. अशक्त पंपाची उणीव झाकण्यासाठी रेग्युलेटरचा दाब वाढविणे हा उपाय नव्हे. दाब चढविला की पंपाचा पुरवठा आणखी घटतो आणि उणीव नेमकी पूर्ण भाराखाली, म्हणजे सर्वाधिक धोक्याच्या वेळी, वाढते.