धानाच्या वेशातलं तण

निंदणाऱ्या बाया सावा हे तण झटक्यात ओळखतात. करगा मात्र त्यांच्याही हातून सुटतो. छत्तीसगडात करगा म्हणतात ते तणधान रोपावस्थेत हुबेहूब धानासारखं दिसतं. लोंबी आल्यावर कळतं: बहुधा लांब कुसळ, लालसर दाणा, आणि तोही कापणीआधीच बांधीत झडलेला. रोवणीतली चिखलणी आणि उभं पाणी त्याला दाबून ठेवतं. आवत्या, म्हणजे रोवणीविना थेट केलेल्या, पेरणीत त्याला मोकळं रान मिळतं.

जबलपूरच्या अधारतालमध्ये 1989 पासून देशाचं तण संशोधन केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी लागवडीचं धान आणि तणधान यांच्या गुणांतली विविधता मोजली. तो अभ्यास 2016 साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये आला. पण वंश शोधायचा तर जनुकंच वाचावी लागतात. समुद्रातल्या लाल शेवाळांच्या सारख्या दिसणाऱ्या जाती कॉक्स-1 या एका जनुकावरून बऱ्याचदा वेगळ्या काढता येतात. इथे ते जमत नाही, कारण पीक आणि तण एकाच जातीचे, सख्खे भाऊ. म्हणून गुणसूत्रांवरच्या अनेक खुणा एकत्र ताडून पाहाव्या लागतात.

काही खुणा फार बोलक्या आहेत. आरसी जनुकातली डीएनएची 14 अक्षरं गळाली आणि तांदूळ पांढरा झाला. तणधानात बहुधा ती शाबूत असतात. तेच जनुक बियाला जमिनीत निद्रिस्त ठेवायलाही मदत करतं. अमेरिकेतल्या तणधानात तर दाणा न झडण्याचा, माणसानं निवडलेला एसएच-4 जनुकाचा प्रकार सापडला, तरी त्याचे दाणे झडतातच. म्हणजे ते रानातून आलेलं नाही. शेतातलंच धान पुन्हा रानटी झालं.

भारतात पीक आणि तण यांतला फरक ओळखू यावा म्हणून जांभळ्या पानांचं धान लावून पाहिलं गेलं. संकर होत गेले आणि काही पिढ्यांत तणानंही जांभळी पानं उचलली. मला काळजी वाटते ती इथेच. 2021 मध्ये इमाझेथापायर हे तणनाशक सहन करणारे पुसा बासमती 1979 आणि 1985 हे वाण आले, आणि तेही थेट पेरणीसाठी. मजुरीनं पिचलेल्या शेतकऱ्याला त्यांचा आधार खरा आहे. पण ज्या बांधीत करगा आहे तिथे परागकणांतून ही सहनशक्तीही तणात जाऊ शकते. मग त्या औषधानं ते मरणार नाही. म्हणून असं बियाणं देण्याआधी त्या भागातल्या तणधानाचे नमुने जनुकीय खुणांनी तपासले पाहिजेत, आणि पेरणीनंतर दरवर्षी पुन्हा तपासले पाहिजेत.