पूर्ण वाढ झालेला मोठा कुत्रा दत्तक घेताय? हे वाचा 🐾

पुण्या-मुंबईत हौसेने आणलेले लॅब्रॉडॉर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन मोठे झाले, की अनेकदा रस्त्यावर येतात. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार असं सोडून देणं गुन्हा आहे. यातले काही कुत्रे कायमचं घर मिळेपर्यंत फॉस्टर घरांत सांभाळले जातात.

तिथून दत्तक घेण्याचा मोठा फायदा म्हणजे स्वभाव आधीच कळलेला असतो. सांभाळणाऱ्या फॉस्टरला मोकळेपणाने विचारा:
✅ लहान मुलं, मांजर, इतर कुत्रे चालतात का?
✅ एकटा राहतो का? लिफ्टला, फटाक्यांना घाबरतो का?
✅ नसबंदी आणि लसीकरण झालंय का?

भेटीत कुत्र्याला बसल्या जागेवरून उठताना नीट पाहा. पुढच्या पायांवर भार टाकून, मागचा भाग ओढत उठत असेल तर खुब्याचा त्रास असू शकतो. मोठ्या जातींत तो बराच आढळतो. डॉक्टरांना दाखवा आणि औषधपाण्याचा खर्च आधीच धरा.

घरी आल्यावर पहिले काही दिवस पाहुणे नकोत. फॉस्टरकडचंच खाणं ठेवा, नवीन खाणं आठवडाभरात हळूहळू मिसळा. जेवणानंतर लगेच पळवू नका. मोठ्या कुत्र्यांच्या पोटाला पीळ पडून जिवावर बेतू शकतं. रुळायला साधारण तीन महिने द्या.

सोसायटी अडवतेय? भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या सूचनांनुसार पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. महापालिकेचा परवाना आणि दरवर्षीची रेबीजची लस मात्र चुकवू नका.

पिल्लू विकत घेण्याआधी एकदा तरी फॉस्टर घरातल्या मोठ्या कुत्र्याला भेटून या!