मैदानावरची दुखापत कुणाच्या खात्यावर?

मैदान आणि मेहनताना : भाग ४

गेल्या आठवड्यात आपण ‘हाउस’ खटल्यातली तडजोड पाहिली. न्यायाधीश क्लॉडिया विल्किन यांनी ६ जून २०२५ला ती मान्य केली आणि अमेरिकेतल्या विद्यापीठांना १ जुलैपासून आपल्या खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. कॉलेजच्या खेळाडूला पैसे द्यावेत की नाही, हा जुना वाद त्या दिवशी मिटला असं अनेकांनी मानलं. मला तसं वाटत नाही. खेळाडू विद्यापीठाचा कामगार आहे का, हा प्रश्न तसाच राहिला आणि वादाचं मूळ तिथेच आहे.

१९५५ साली कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस कॉलेजकडून अमेरिकन फुटबॉल खेळताना एका तरुणाच्या डोक्याला मार बसला आणि तो दगावला. हा खेळ आपल्या ओळखीच्या फुटबॉलसारखा नाही. धावत येणाऱ्याला अंगानं धडकून आडवं पाडणं हाच त्याचा गाभा. दगावलेल्या तरुणाच्या पत्नीनं कामगार नुकसानभरपाईचा दावा लावला. कारखान्यात कामावर असताना माणूस गेला तर घरच्यांना जी भरपाई मिळते, तीच तिनं मागितली. १९५७मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं दावा फेटाळला. फुटबॉल हा काही कॉलेजचा धंदा नाही आणि त्यातून कॉलेजला लाभही नाही, असं न्यायालयाचं म्हणणं.

कॉलेज क्रीडा चालवणारी संघटना ‘एनसीएए’. तिचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांना असल्या दाव्यांचीच धास्ती होती. खेळाडूंचा उल्लेख सगळीकडे ‘स्टुडंट-ॲथलीट’ असाच व्हावा, हा आग्रह त्या धास्तीतून आला. १९९५च्या आपल्या पुस्तकात बायर्स यांनी स्वतःच हे लिहिलं आहे आणि तोवर ते खेळाडूंच्या बाजूचे झाले होते.

केंट वॉलड्रेप हा टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचा खेळाडू १९७४च्या एका सामन्यात जायबंदी झाला, त्याचं शरीर लुळं पडलं. तो कामगार नव्हता, असं टेक्सासच्या अपील न्यायालयानं २०००मध्ये ठरवलं. मधल्या काळात टीव्हीचा पैसा ओसंडून आला होता. एकट्या पुरुषांच्या बास्केटबॉल स्पर्धेच्या २०२५ ते २०३२ या आठ वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांची किंमत ८.८ अब्ज डॉलर आहे. अनेक राज्यांत सरकारी तिजोरीतून सर्वाधिक पगार घेणारा माणूस राज्यपाल नसतो, विद्यापीठाच्या संघाचा प्रशिक्षक असतो. ‘हा धंदाच नाही’ हे १९५७चं कारण आज कोण मान्य करील?

विद्यापीठांचीही एक अडचण खरी आहे. बहुतेकांचा क्रीडाविभाग तोट्यात चालतो. फुटबॉल आणि बास्केटबॉल जे कमावतात त्यावर पोहणं, कुस्ती, ॲथलेटिक्स जगतात आणि अमेरिकेचे अनेक ऑलिम्पिकपटू याच संघांतून घडतात. प्रत्येक खेळाडूला कामगाराचे सगळे हक्क दिले तर लहान खेळांचे संघ बंद पडतील, ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही.

पण म्हणूनच पगार आणि भरपाई या गोष्टी वेगळ्या धरायला हव्यात. पगार किती, कुणाला, कोणत्या खेळात, यावर भांडत बसा. गुडघा फुटलेल्या पोराच्या शस्त्रक्रियेचं मात्र भांडण नको. एनसीएएनं २०२४पासून खेळणं थांबल्यानंतरच्या दोन वर्षांपर्यंत दुखापतीच्या विम्याची सोय केली आहे. पाऊल चांगलं आहे. पण डोक्याला वारंवार बसलेल्या धक्क्यांचे परिणाम कित्येकदा चाळिशी-पन्नाशीत दिसतात. त्या वयाची तरतूद कायद्यानेच करावी लागेल. फिलाडेल्फियातल्या संघराज्य अपील न्यायालयानं जुलै २०२४मध्ये, काही परिस्थितीत हे खेळाडू किमान वेतनाच्या कायद्याखाली कामगार ठरू शकतात, असं म्हटलं आहे. दार किलकिलं झालं आहे, ते पूर्ण उघडणं आता अमेरिकी काँग्रेसच्या हाती आहे.

(पुढील आठवड्यात : महिला खेळाडूंचा वाटा आणि १९७२चा ‘टायटल नाइन’ कायदा)