हिशेबाच्या वहीतून नेतृत्वाकडे

आपल्या मुला-मुलींनी डॉक्टर व्हावे, इंजिनिअर व्हावे, स्पर्धा परीक्षा देऊन साहेब व्हावे, असे आपल्या घराघरांत बोलले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु एखाद्या मोठ्या कंपनीचा ‘चीफ फायनान्शियल ऑफिसर’, म्हणजे मुख्य वित्त अधिकारी व्हावे, असे स्वप्न पाहणारे आईबाप आम्हाला क्वचितच भेटतात. म्हणून या पदाची ओळख करून देत आहोत.

पूर्वी कंपनीचा हिशेबनीस कीर्द-खतावणी लिही, ताळेबंद जुळवी, कर भरी. निर्णय मालकाने घ्यायचा आणि याने तो वहीत उतरवायचा. आज चित्र पालटले आहे. नवा कारखाना काढावा काय, कर्ज किती उचलावे, कोणता धोका पत्करावा, हे ठरविताना वित्त अधिकारी संचालकांच्या शेजारी बसलेला असतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदणी असलेल्या प्रत्येक कंपनीला हे पद पूर्णवेळ भरणे बंधनकारक केले. वार्षिक हिशेबपत्रकांवर त्याची सहीही लागते.

या सहीचे मोल काय, ते ‘सत्यम’ने दाखविले. ७ जानेवारी २००९ रोजी या कंपनीच्या अध्यक्षाने कबूल केले की, वहीत दाखविलेली रोख व बँकेतील ५,०४० कोटी रुपयांची शिल्लक मुळी अस्तित्वातच नाही. २०१५ साली हैदराबादच्या विशेष न्यायालयाने १० जणांना दोषी ठरविले. त्यांत कंपनीचा माजी वित्त अधिकारीही होता. पुढे अपिलात शिक्षा स्थगित झाली. पण धडा कायम आहे. मालकाला ‘हे होणार नाही’ असे तोंडावर सांगण्याची हिंमत, हेच या पदाचे खरे नेतृत्व.

परमपूज्य बाबासाहेबांना हे पुरते ठाऊक होते. १९२३ साली ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ लिहिणारा हा अर्थशास्त्रज्ञ पैशाची ताकद ओळखून होता. मे १९४९ मध्ये घटना समितीत त्यांनी देशाच्या महालेखापरीक्षकाला घटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी मानले आणि त्याचे स्वातंत्र्य न्यायाधीशांपेक्षा कमी असू नये, असा आग्रह धरला. आपल्या मुलांसाठी १९५३ साली मुंबईत सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय निघाले, तेही त्यांच्याच पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत.

भगिनींनीही हे क्षेत्र पुरुषांचे समजू नये. स्टेट बँकेत वर आलेल्या अंशुला कांत २०१९ साली जागतिक बँकेच्या मुख्य वित्त अधिकारी झाल्या.

बारावीनंतर बी.कॉम., सी.ए. किंवा कॉस्ट अकाउंटन्सी हा सरळ रस्ता आहे. वाट लांब आहे, नापास होण्याचे प्रसंगही येतात. अशा वेळी घरच्यांनी धीर द्यावा, ‘सोड आता, नोकरी धर’ असे म्हणू नये.

आणि सराव आपल्या वस्तीतच होऊ शकतो. विहाराच्या निधीचे, भीमजयंतीच्या वर्गणीचे हिशेब आपल्या शिकत्या मुलामुलींच्या हाती द्या आणि ते सर्वांसमोर वाचून दाखवायला लावा. न दिलेले घेऊ नये, खोटे बोलू नये, हे पंचशील आपण रोज म्हणतो. ज्याच्या हाती पैशाची वही आहे, त्याची तेथेच खरी कसोटी लागते. जयभीम!