डाग लागल्यापासून दवाखान्यापर्यंत : महाड-पोलादपूरची पन्नास वर्षं

वैद्यकीय जगात महाडचं नाव गेलं ते विंचवामुळे. १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसं दगावताना त्यांनी पाहिली, रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या आणि प्राझोसिन या औषधाचा उपयोग 'लॅन्सेट'च्या पानांवर नेऊन पोहोचवला. त्याच खोऱ्यात, त्याच वर्षांत, गरोदरपणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात रक्त जाऊ लागलेल्या बायकाही होत्या. त्यांच्या वाट्याला असा नोंदवहीवाला आला नाही. विंचू चावलेला माणूस ओरडत येतो. डाग लागलेली बाई आधी गप्प बसते, मग सासूला सांगते, आणि दवाखान्याचं नाव निघेपर्यंत रात्र झालेली असते.

हे गप्प बसणं महाडपुरतं नव्हतं. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट'मध्ये आलेले निष्कर्ष जगभर गाजले : ९२ टक्के स्त्रियांमध्ये काही ना काही स्त्रीरोग आढळला आणि त्याआधी अशी तपासणी झाली होती ती फक्त ८ टक्क्यांची. सह्याद्रीच्या कुशीतल्या वाड्यांवर त्या काळी चित्र फार निराळं असेल, असं मानायला कारण नाही.

गर्भ गेला की कारण मात्र घरोघरी तयार असे. पपई खाल्ली, तिळाने उष्ण पडलं, पाण्याचा हंडा उचलला, एसटीत हादरे बसले. सगळी कारणं बाईच्याच वागण्यातली! प्रयोगशाळेतलं उत्तर तेव्हाच आलेलं होतं. बावस्कर बिरवाडीला येण्याच्या आदल्याच वर्षी, १९७५ मध्ये, फ्रान्समधल्या बुए दांपत्याने आपोआप पडलेल्या सुमारे १,५०० गर्भांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या साठ टक्क्यांहून अधिक गर्भांच्या गुणसूत्रांतच बिघाड आढळला. म्हणजे बहुतेक वेळा गर्भ पडायचं ठरतं ते गर्भ राहतानाच. त्याला हंडा जबाबदार नसतो आणि एसटीही नसते. मुंबई-गोवा महामार्गाच्या खड्ड्यांवर पुष्कळ आरोप करता येतील, हा एक मात्र करता येत नाही.

त्या काळात दिवस गेलेत की नाही हे ठरवण्याचीच पंचाईत होती. लघवीची चाचणी शहरात, तीही प्रयोगशाळेत. त्यावर एक सोपा उपाय देशभर रूढ झाला होता : इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनच्या जबर मात्रेच्या गोळ्या किंवा इंजेक्शन द्यायचं. चार-आठ दिवसांत रक्त आलं तर दिवस गेले नव्हते, नाही आलं तर गेले. चाचणी म्हणून ही औषधं दिली जात, आणि 'पाळी येण्याची गोळी' म्हणून दुकानातून सर्रास विकलीही जात. गर्भाला त्यांचा अपाय होऊ शकतो, ही शंका परदेशांत आधीच घेतली गेली होती. महिला संघटना आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, कंपन्या न्यायालयात गेल्या, आणि अखेर जून १९८८ मध्ये केंद्र सरकारने जास्त मात्रेच्या या संयुक्त गोळ्यांवर बंदी घातली. बंदी कागदावर आली तरी सवय राहिली. पाळी लांबली की औषध दुकानातून 'पाळीची गोळी' आणणं आजही थांबलेलं नाही, आणि त्यानंतर गेलेलं रक्त पाळीचं की गर्भाचं, हा घोळ तिथूनच सुरू होतो.

गर्भ टिकवायचे उपायही असेच आले आणि गेले. अमेरिकेत डीईएस नावाचं कृत्रिम इस्ट्रोजेन गर्भ राखण्यासाठी लाखो बायकांना दिलं गेलं. १९५३ च्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही, तरी ते चालूच राहिलं. १९७१ मध्ये त्या बायकांच्या मुलींत योनीमार्गाचा दुर्मीळ कर्करोग आढळला, तेव्हा कुठे जग जागं झालं. आपल्याकडचा लाडका सल्ला म्हणजे 'पायाखाली विटा ठेवून झोपून राहा'. आधीच राबणाऱ्या बाईला या निमित्ताने चार दिवस पाठ टेकता आली, हा त्याचा खरा लाभ. झोपून राहिल्याने गर्भ वाचतो याला पुरावा आजवर मिळालेला नाही.

गर्भ टिकवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचा निकाल थोडा बारकाईने पाहायला हवा. ब्रिटनमध्ये ४८ रुग्णालयांतल्या ४,१५३ स्त्रियांवर झालेली 'प्रिझम' चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. रक्तस्राव झालेल्या सगळ्याजणींचा एकत्र हिशेब केला तर औषध घेणाऱ्यांपैकी ७५ टक्के आणि न घेणाऱ्यांपैकी ७२ टक्के जणींना मूल झालं. हा फरक ठाम म्हणण्याइतका नव्हता. मात्र पूर्वी तीन किंवा अधिक वेळा गर्भ गेलेल्या स्त्रियांमध्ये हेच आकडे ७२ आणि ५७ असे होते. म्हणून आज हे औषध रक्तस्राव आणि पूर्वीचे गर्भपात दोन्ही असलेल्या स्त्रीला, गर्भ पिशवीत आहे हे पाहून, विचारपूर्वक दिलं जातं. डाग दिसला की सरसकट लिहून देण्याची चिठ्ठी त्यात बसत नाही.

'पिशवीला टाका घाला' हा आग्रहही पुष्कळदा चुकीच्या जागी होतो. हा टाका मूळच्या गोव्याच्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांचा. १९५० च्या दशकात मुंबईत त्यांनी तो रूढ केला आणि जगभर तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पण तो गर्भाशयाचं तोंड कमकुवत असल्यामुळे पुढच्या महिन्यांत होणाऱ्या गर्भपातासाठी आहे. सातव्या आठवड्यातल्या रक्तस्रावावर त्याचा इलाज नाही.

खरा पालट केला तो सोनोग्राफीने. ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये तिची पहिली चित्रं छापली. भारतात ती आधी मोठ्या शहरांतल्या मोजक्या रुग्णालयांत आली आणि मग तालुक्याच्या गावी उतरली. मधल्या काळात गर्भलिंग तपासणीने या यंत्राचं नाव बदनाम झालं. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात पहिल्यांदा त्यावर कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. पण डाग लागलेल्या बाईसाठी या यंत्राचं काम वेगळंच आहे : गर्भ पिशवीत आहे की नळीत, आणि ठोके लागलेत की नाही. ठोके साधारण सहाव्या-सातव्या आठवड्यात दिसू लागतात. त्याआधी तपासणी केली तर ठोके दिसत नाहीत, आणि याच टप्प्यावर घाई महागात पडते. २०१३ मध्ये तज्ज्ञांनी निकष कडक केले. गर्भाची लांबी ७ मिलिमीटर होऊनही ठोके नसतील किंवा रिकाम्या पिशवीचा सरासरी व्यास २५ मिलिमीटर असेल, तरच गर्भ गेला म्हणायचं. नाहीतर आठवडा-दोन आठवड्यांनी पुन्हा पाहायचं. त्यापूर्वी ५ मिलिमीटरवरच निकाल लागत असे. 'ठोके नाहीत, पिशवी साफ करा' असं पहिल्याच तपासणीत सांगितलं गेलं आणि प्रकृती स्थिर असेल, तर दुसऱ्या तपासणीचा आग्रह धरणं हा रुग्णाचा हट्ट मानू नये.

यंत्र महाडात आलं, तरी वाडी आहे तिथेच राहिली. पोलादपूरच्या डोंगरातून आजारी माणसाला डोलीत घालून डांबरी रस्त्याला आणायचं, ही या मुलखाची जुनी रीत. रस्त्यांनी ती बरीच मागे टाकली, पण पावसाळा हिशेब फिरवतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल दोन एसटी गाड्यांसह वाहून गेला. पोलादपूरकडून महाडकडे येणारी वाहतूक त्याच पुलावरून चाले. नवा पूल जून २०१७ मध्ये खुला झाला. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली, पोलादपूर तालुक्यात साखर-सुतारवाडी आणि केवनाळे इथेही दरडी आल्या, आंबेनळी घाट खचला आणि महाडची बाजारपेठ पाण्याखाली होती. अशा रात्री नळीतला गर्भ फुटला तर बाईने जायचं कुठे, याचं उत्तर आदल्या दिवशीच शोधलेलं असावं लागतं.

सरकारी यंत्रणा याच काळात दारापर्यंत आली. २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियानातून आशाताई आल्या; त्यांच्या पिशवीतल्या लघवीच्या चाचणीने जुना 'गोळी घेऊन बघू'चा खेळ निरर्थक केला. २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आली. महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू २००१-०३ मध्ये १४९ होते, ते २०१८-२० मध्ये ३३ वर आले. हे यश मोठंच आहे. पण सगळी रचना बाळंतपणाभोवती उभी आहे. दर महिन्याच्या ९ तारखेचं मातृत्व अभियान, २०१६ चं, मुख्यतः चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर स्त्रियांसाठी आहे. सातव्या आठवड्यात डाग लागलेल्या बाईने ९ तारखेची वाट पाहण्यात अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट इथलीच. पोलादपूरचं निम्मं घर मुंबईत असतं. दिवस गेल्याचं मुंबईत कळतं, तपासणी तिथे होते आणि गणपतीला किंवा शिमग्याला गावी आल्यावर रक्त दिसतं. कागद मात्र मुंबईतल्या कपाटात! रक्तगट आणि आधीच्या सोनोग्राफीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवणं एवढं तरी आज सहज जमतं. रक्तगट निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता ते सांगावं, कारण अँटी-डी इंजेक्शनचा निर्णय त्यावर अवलंबून असतो.

घाबरून जायचं कारण नाही, हेही खरं. साधारण चौघींपैकी एकीला पहिल्या तीन महिन्यांत थोडंफार रक्त जातं आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक जणींचं गरोदरपण पुढे नीट चालतं. अडचण ही, की बाहेर दिसणारं रक्त आणि आतला धोका यांचं प्रमाण जुळत नाही. पिशवीतला गर्भ पडताना पुष्कळ रक्त जाऊनही बाई सावरते. नळीतल्या गर्भात बाहेर दोन तपकिरी डाग आणि पोटात मात्र लिटरभर रक्त, असं होऊ शकतं. सगळ्या गरोदरपणांत त्याचं प्रमाण एक-दोन टक्के, पण सुरुवातीच्या महिन्यांत जीव घेणाऱ्या मुख्य कारणांपैकी ते एक. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या किंवा तांबी बसवलेल्या बाईला क्वचित दिवस राहिलेच, तर गर्भ नळीत असण्याची शक्यता जास्त असते. 'ऑपरेशन झालंय, दिवस जाणारच नाहीत' या भरवशावर पाळी चुकल्याकडे दुर्लक्ष करणं म्हणून धोक्याचं.

तेव्हा पाळी चुकलेली असताना नुसता डाग दिसला, तरी त्याच दिवशी आशाताईला किंवा आरोग्य केंद्रात कळवावं आणि एक-दोन दिवसांत तपासून घ्यावं. तासाभरात पॅड भिजत असेल, पोटात एका बाजूला कळ येत असेल, खांद्याच्या टोकाला दुखत असेल, चक्कर किंवा अंधारी येत असेल, ताप असेल किंवा जाणाऱ्या रक्ताला घाण वास असेल, तर तपासणीची वेळ घेत बसू नये; थेट रुग्णालय गाठावं. गर्भपाताच्या गोळ्या घेतलेल्या असतील तर तेही सांगावं. १९७१ च्या कायद्याने गर्भपाताला रीतसर वाट दिलेली आहे आणि डॉक्टरला खरी हकीकत कळली तरच उपचार नेमके होतात.

गर्भ गेलाच, तर महाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या बाईने आणखी एक माहिती ठेवावी. महाडच्याच चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर वर्षभराने, १९२८ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात मातृत्व लाभाच्या विधेयकाची बाजू मांडली होती. १९२९ मध्ये त्याचा कायदा झाला. पुढे १९६१ च्या केंद्रीय कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा दिली. त्यासाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून दवाखान्याचे कागद जपून ठेवा. आणि जून ते सप्टेंबर वाडीवर राहणार असाल, तर रस्ता बंद झाल्यास कोणत्या बाजूने उतरायचं आणि कुणाची गाडी मिळेल, हे आशाताईंशी आजच बोलून ठेवा. १०८ ला फोन करायला पैसे पडत नाहीत आणि तो दिवसरात्र लागतो.