लोण्याची नावे

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवर वाहणारी पैनगंगा ओलांडली की लोण्याला तेलुगूत ‘वेन्न’ म्हणतात; तमिळमधील ‘वेण्णेय्’ आणि कन्नडमधील ‘बेण्णे’ हे त्याचेच भाऊबंद असून, पांढरा आणि तूप या अर्थांच्या दोन द्राविडी शब्दांच्या जोडणीतून ते घडले आहेत.

मराठीतील ‘लोणी’ मात्र संस्कृत ‘नवनीत’, म्हणजे नुकतेच काढलेले, या शब्दापासून प्राकृतातून उतरले, आणि त्या वाटेवर ‘निंब’चा ‘लिंब’ झाला तसा आरंभीच्या ‘न’चा ‘ल’ झाला. हे नाव कृतीशीही चांगले जुळते, कारण विरजलेले दही रवीने घुसळताना स्निग्धांशाच्या कणांभोवतीची आवरणे फुटून ते एकमेकांना चिकटतात आणि ताकावर ताजा गोळा तरंगू लागतो. तोच कढवला की तूप होते व तळाशी बेरी उरते.

हिंदी ‘मक्खन’ हा माखणे या अर्थाच्या संस्कृत ‘म्रक्षण’पासून, तर ‘मस्का’ फारसीतून आला. इंग्रजी ‘बटर’ लॅटिनमार्गे ग्रीक ‘बूटिरॉन’पर्यंत जातो, ज्याचा रूढ अर्थ ‘गाईचे चीज’ असा लावतात. स्वयंपाकात ऑलिव्हचे तेल वापरणाऱ्या ग्रीकांना लोणी परकेच वाटत असे.