वक्र कडांचा स्मार्टफोन पडदा

वक्र कडांचा पडदा म्हणजे स्मार्टफोनच्या दर्शनी भागावरील असा पडदा, ज्याच्या डाव्या व उजव्या कडा सपाट न राहता फोनच्या पाठीमागच्या दिशेने वळलेल्या असतात. बाजारात त्यास ‘कर्व्ह डिस्प्ले’ म्हणतात. ‘कडेपासून कडेपर्यंत’ पसरलेला पडदा ही संज्ञा याहून व्यापक आहे. पडद्याभोवतीची चौकट अतिशय बारीक असेल, तर सपाट पडदाही कडेपासून कडेपर्यंत असू शकतो. वक्र पडद्यात मात्र चौकट बारीक करण्याबरोबरच ती नजरेआड वळवलेली असते. जाहिरातींत हे दोन गुण एकच असल्यासारखे सांगितले जात असल्याने ग्राहकांचा गोंधळ होतो.

अशा पडद्याचे गुणदोष फोन कोठे व कसा वापरला जातो यावर बरेच अवलंबून असतात. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही कल्याण–कर्जत लोहमार्गावरील शहरे या दृष्टीने बोलके उदाहरण आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार या तिन्ही शहरांची एकत्रित लोकसंख्या नऊ लाखांहून अधिक होती. येथील नोकरदारांचा मोठा वर्ग रोज लोकलने मुंबई व ठाण्याकडे जातो. बदलापूर हे स्थानक छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६८ किलोमीटर अंतरावर आहे. प्रवासातला बराच वेळ एक हात वरच्या कडीला आणि दुसऱ्या हातात फोन अशा स्थितीत जातो.

रचना

द्रवस्फटिकाच्या, म्हणजेच एलसीडी प्रकारच्या पडद्यास मागून प्रकाश द्यावा लागतो आणि त्यातील दोन काचांमधले अंतर सर्वत्र सारखे ठेवावे लागते. त्यामुळे तो कडेला तीव्रपणे वाकवणे अवघड असते. ओएलईडी पडद्यात प्रत्येक बिंदू स्वतःच प्रकाशतो, मागील दिव्याची गरज नसते. तरीही सुरुवातीचे ओएलईडी पडदे काचेच्या तळावर बनत असल्याने ताठच होते. काचेऐवजी पॉलिइमाइड या उष्णता सहन करणाऱ्या लवचीक प्लास्टिकचा तळ वापरात आला, तेव्हा पडदा वाकवणे शक्य झाले. काचेच्या पाटीवर पॉलिइमाइडचा पातळ थर देतात, त्यावर विद्युत्मंडल व प्रकाशणारे थर रचतात आणि शेवटी लेसरच्या साहाय्याने हा सर्व पापुद्रा पाटीपासून सोडवून घेतात.

वरची संरक्षक काच मात्र काचच राहते. तिला वळण देण्यासाठी सुमारे ७०० अंश सेल्सियस तापमानाला साच्यात दाबतात. त्यानंतर वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये बुडवून तिला रासायनिक बळकटी दिली जाते. काचेतील सोडियमच्या लहान आयनांची जागा पोटॅशियमचे मोठे आयन घेतात, पृष्ठभाग आतून दाबाखाली येतो आणि ओरखडा सहज भेगेत रूपांतरित होत नाही. काच व पडदा यांच्यामध्ये पारदर्शक गोंदाचा थर असतो. दुरुस्ती करणारे त्याला ‘ओसीए’ म्हणतात. हे तिन्ही थर वळणावरही एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात. पुढे वर्णिलेल्या दुरुस्तीच्या बहुतेक अडचणी या एका गोष्टीतून उद्भवतात.

इतिहास

ऑक्टोबर २०१३ मध्ये सॅमसंगने ‘गॅलेक्सी राउंड’ आणि एलजीने ‘जी फ्लेक्स’ हे फोन जाहीर केले. पहिला आडव्या दिशेने, तर दुसरा उभ्या दिशेने कमानदार होता. केवळ कड वळवण्याची कल्पना सप्टेंबर २०१४ मधील ‘गॅलेक्सी नोट एज’ या फोनात दिसली. त्याची उजवी बाजूच तेवढी वळलेली होती. मार्च २०१५ मध्ये बार्सिलोना येथे सादर झालेल्या ‘गॅलेक्सी एस६ एज’ मध्ये दोन्ही कडा वक्र होत्या. त्याच वेळी सपाट पडद्याचा एस६ हाही आला. भारतात आरंभी सपाट फोनची किंमत ४९,९०० रुपये आणि वक्र फोनची ५८,९०० रुपये होती. बाकी यंत्र जवळजवळ सारखेच असल्याने या वळणाची किंमत नऊ हजार रुपये होती असे म्हणता येते. २०१७ च्या ‘गॅलेक्सी एस८’ मध्ये सपाट पर्याय उरला नाही.

२०१९ मध्ये या कल्पनेने टोक गाठले. व्हिवो ‘नेक्स ३’ आणि हुवावे ‘मेट ३० प्रो’ यांच्या कडा जवळजवळ काटकोनात खाली उतरत होत्या. अशा पडद्यास ‘धबधबा’ हे नाव मिळाले. शाओमीने सादर केलेल्या ‘मी मिक्स अल्फा’ या फोनला तर पडद्याने जवळपास पूर्ण वेढा घातला होता. त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन कधी झाले नाही.

त्यानंतर ओहोटी सुरू झाली. गुगलचा ‘पिक्सेल ८ प्रो’ ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि सॅमसंगचा ‘गॅलेक्सी एस२४ अल्ट्रा’ जानेवारी २०२४ मध्ये सपाट पडद्यासह आला. महागड्या फोनांतून वळण मागे हटत असतानाच ते मध्यम किमतीच्या फोनांत उतरले. डिसेंबर २०२२ मध्ये ‘रिअलमी १० प्रो प्लस’ २४,९९९ रुपयांपासून, मे २०२३ मध्ये लावा या भारतीय कंपनीचा ‘अग्नी २’ २१,९९९ रुपयांना आणि मार्च २०२४ मध्ये ‘लावा ब्लेझ कर्व्ह’ १७,९९९ रुपयांपासून बाजारात आला. हा कालक्रम महत्त्वाचा आहे. साठ हजारांचा फोन घेणाऱ्या ग्राहकाला जे वळण नकोसे झाले, तेच हप्त्यांवर वीस हजारांचा फोन घेणाऱ्या ग्राहकाच्या हाती प्रतिष्ठेची खूण म्हणून पोहोचले. पडदा हा फोनच्या सर्वांत महाग भागांपैकी एक आहे. त्यामुळे फोन जितका स्वस्त, तितका पडदा बदलण्याचा खर्च मूळ किमतीच्या तुलनेत जड पडतो.

लाभ

वळलेल्या कडांमुळे त्याच रुंदीचा फोन हातात अरुंद व पातळ वाटतो. कडेवरून आत बोट सरकवून मागील पानावर जाण्याची क्रिया गुळगुळीत वळणावर सहज होते. फोन पालथा ठेवलेला असताना कड प्रकाशित करून फोन आल्याची सूचना देण्याची सोय काही फोनांत होती. याखेरीज उरते ते सौंदर्य, आणि त्यास गौण मानण्याचे कारण नाही. हातातली वस्तू देखणी असावी ही इच्छा खोटी नसते.

पकड आणि आघात

सपाट फोनमध्ये बोटे धातूच्या किंवा प्लास्टिकच्या चौकटीवर टेकतात. वक्र फोनमध्ये ती चौकट कडेला फारच अरुंद उरते आणि तळहाताचा भाग पडद्यावर येतो. परिणामी नको तेथे स्पर्श नोंदला जातो. अशा स्पर्शांकडे दुर्लक्ष करण्याची व्यवस्था आज्ञावलीत असते, पण ती अचूक नसते. पावसाळ्यात ओल्या हाताने किंवा पडद्यावर थेंब असताना फोन वापरला, तर हा त्रास वाढतो.

गर्दीच्या डब्यात ही बाब केवळ गैरसोयीची राहत नाही. मुंबई उपनगरी मार्गावर दारात उभ्या असलेल्या प्रवाशाच्या हातावर रुळांलगत उभ्या चोराने काठीने फटका मारून फोन पाडण्याचे प्रकार परिचित आहेत. त्यांत फोनबरोबर प्रवाशाचा तोल जाऊन जीवही धोक्यात येतो. अशा फटक्यापुढे कोणत्याही फोनची पकड टिकणार नाही, हे खरे. परंतु साध्या धक्क्याने निसटण्याचा संभव निमुळत्या, गुळगुळीत कडेच्या फोनमध्ये अधिक असतो.

फोन पडताना बहुधा कोपऱ्यावर वा कडेवर पडतो. सपाट फोनमध्ये पहिला मार चौकट झेलते. वक्र फोनमध्ये तेथे काच असते. संरक्षक कव्हरलाही कडेपाशी खाली उतरावे लागते, अन्यथा ते पडद्याचाच भाग झाकेल. म्हणजे जो भाग सर्वाधिक उघडा, तोच सर्वांत कमी झाकलेला असतो. ओएलईडीच्या आतील थरास भेग गेली की हवा व ओलावा आत शिरतो आणि काळा वा जांभळा डाग दिवसागणिक पसरत जातो. पडदा बंद पडला तर फोनमधील पासही दाखवता येत नाही; आणि फोनवर काढलेले कागदविरहित तिकीट वा पास तपासनीसास दाखवता आला नाही, तर प्रवासी विनातिकीट समजला जातो.

देवनागरी मजकूर आणि कळफलक

या विषयावरील इंग्रजी लेखनात सहसा न येणारी एक बाब मराठी वाचकांना जाणवते. देवनागरी ओळीस शिरोरेखा असते. पान पडद्याच्या पूर्ण रुंदीत पसरलेले असेल, तर रोमन अक्षरांतील वाकडेपणा पटकन ध्यानात येत नाही. शिरोरेखा मात्र सरळ रेघ असल्याने ती वळणावर खाली झुकलेली लगेच दिसते. तिरकस कोनामुळे त्या पट्टीत पांढरा रंगही किंचित निळसर किंवा हिरवट भासतो. समास राखणाऱ्या पानांवर हे घडत नाही. विद्यार्थी वाचतात त्या पाठ्यपुस्तकांच्या व प्रश्नपत्रिकांच्या छायाप्रती मात्र मोठ्या करून वाचाव्या लागतात आणि ओळीचे पहिले अक्षर नेमके वळणावर जाते.

टंकलेखनातही असाच फरक पडतो. इन्स्क्रिप्ट रचनेच्या कळफलकात एका ओळीत रोमन कळफलकापेक्षा अधिक अक्षरे बसवावी लागतात, त्यामुळे कळा अरुंद होतात. डाव्या टोकाला ‘औ’ आणि ‘ओ’ यांच्या मात्रा, तर उजव्या टोकाकडे ‘ड’, ‘ट’ व ‘य’ ही अक्षरे येतात. ही अक्षरे मराठीत क्वचित येणारी नव्हेत. कडेवरील स्पर्श टाळणारी आज्ञावली त्याच पट्टीत काम करत असल्याने ही अक्षरे उमटत नसल्याचा अनुभव येऊ शकतो. कळफलक मध्यभागी आक्रसून घेण्याची सोय काही उपयोजनांत असते. ती वापरणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

संरक्षक काच

सपाट फोनवर साधी टेम्पर्ड काच काही मिनिटांत बसते. वक्र पडद्यासाठी तीन पर्याय आहेत. पहिल्यात फक्त कडांना गोंद असलेली वळणदार काच बसवतात. तिच्या मध्यभागी हवेची पोकळी राहते व स्पर्श मंदावतो. दुसऱ्यात मऊ प्लास्टिकची फिल्म लावतात. ती ओरखडे टाळते, आघात नाही. तिसऱ्या प्रकारास ‘यूव्ही ग्लास’ म्हणतात. यात पडद्यावर द्रव गोंद ओतून वर काच ठेवतात आणि अतिनील दिव्याखाली गोंद घट्ट करतात. ही काच चांगली बसते. परंतु पातळ गोंद श्रवणाच्या जाळीत, बटणांत किंवा चौकटीच्या फटीत उतरू शकतो. अशा काचेने झालेल्या बिघाडास हमी लागू राहणार नाही, असा इशारा काही उत्पादकांनी दिला आहे. स्टेशनबाहेरील टपरीवर घाईत हे काम करून घेण्यापूर्वी ही गोष्ट लक्षात घेणे इष्ट.

दुरुस्ती

उल्हासनगर ही फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभी राहिलेली नगरी. वस्तू हुबेहूब घडवण्याच्या व दुरुस्त करण्याच्या येथील कौशल्यावरून ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा विनोद रूढ झाला. विनोदातील खवचटपणा बाजूला ठेवला, तर मोडलेली वस्तू टाकून न देता चालती करणारी बाजारपेठ हा तिन्ही शहरांतील सामान्य कुटुंबांचा मोठाच आधार आहे. मोबाइल दुरुस्तीची छोटी दुकाने त्याच परंपरेत बसतात. वक्र पडदा या कारागिरीची कसोटी पाहतो.

सपाट पडद्याची वरची काच फुटली आणि आतील चित्र शाबूत असले, तर फोन तापत्या पाटीवर ठेवून बारीक तारेने काच सोडवतात, जुना गोंद पुसतात आणि नवी काच दाबून बसवतात. यास ‘ग्लास चेंज’ म्हणतात. खर्च बेताचा येतो. वक्र पडद्यात तार सरळ रेषेत फिरते, पण पडदा कडेला वळलेला असतो. त्या जागी तार किंचित घसरली तरी खालचा पापुद्रा कापला जातो व चालता पडदा निकामी होतो. नवी काच बसवण्यासाठी त्या-त्या मॉडेलच्या वळणाचा स्वतंत्र साचा, निर्वात दाबयंत्र आणि हवेचे बुडबुडे काढणारी दाबपेटी लागते. प्रत्येक मॉडेलचे वळण निराळे असल्याने एक साचा दुसऱ्यास चालत नाही. म्हणून बहुतेक दुकानदार काच बदलण्याचे काम नाकारतात आणि काच, टच व पडदा असा पूर्ण ‘कॉम्बो’ किंवा ‘फोल्डर’ बदलण्याचा सल्ला देतात. हा सल्ला नफेखोरीपोटीच दिला जातो असे समजणे अन्यायाचे ठरेल.

मूळ प्रतीचा कॉम्बो महाग असल्याने ‘कॉपी’ पुढे येते. स्वस्त कॉपीत पुष्कळदा ओएलईडीऐवजी सपाट, जाड एलसीडी पडदा असतो. तो चौकटीतून किंचित वर राहतो, कडेला काळी पट्टी दिसते आणि पडद्याखालील बोटाचा ठसा ओळखणारी यंत्रणा सहसा चालत नाही. एका अर्थी ग्राहक वक्र फोनचे पैसे देऊन अखेरीस सपाट फोन वापरतो. शिवाय फोन एकदा उघडल्यावर पाण्यापासून बचाव करणारी त्याची मूळ बंदिस्ती पूर्ववत राहील, याची खात्री देता येत नाही. उल्हास नदीच्या पुराचा अनुभव असलेल्या बदलापूर परिसरात ही उणीव किरकोळ म्हणता येणार नाही.

केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘दुरुस्तीचा अधिकार’ संकेतस्थळ सुरू केले. सुटे भाग, हमी व अधिकृत सेवा यांची उत्पादकांनी दिलेली माहिती तेथे एकत्र मिळते. फोन घेण्यापूर्वीच त्याच्या पडद्याची बदली किंमत विचारून घेण्याची सवय मात्र अद्याप रुळलेली नाही.

सद्यःस्थिती

पूर्ण वळणाऐवजी चारही बाजूंना अगदी सौम्य उतार देण्याकडे, किंवा पडदा सपाट ठेवून केवळ वरच्या काचेची कड गोलसर करण्याकडे उत्पादकांचा कल वाढला आहे. या दुसऱ्या प्रकारात हातास मऊपणा जाणवतो आणि टेम्पर्ड काचही नीट बसते. लवचीक ओएलईडीचे महत्त्व मात्र कमी झालेले नाही. घडीचे फोन त्याच तंत्रावर उभे आहेत. २०१७ च्या ‘आयफोन एक्स’ मध्ये पडदा दर्शनी बाजूस सपाट ठेवून त्याचे खालचे टोक फोनच्या आत दुमडले होते. त्यामुळे तळाची रुंद पट्टी नाहीशी झाली. हे वळण ग्राहकाच्या नजरेस पडत नाही आणि फोन पडला तरी त्यास थेट मार बसत नाही.